ब्रेकचे सहा हजार, झळाळीचे बावीस

२२ सप्टेंबर २०२५ रोजी, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, वस्तू व सेवा कराचे नवे दर अमलात आले. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर उतरला. त्याहून मोठ्या इंजिनांना ४० टक्क्यांचा दर लागला. रॉयल एनफील्ड कंपनीने आपल्या ३५० सीसी मालिकेच्या किमती बावीस हजार रुपयांपर्यंत कमी होतील असे जाहीर केले, आणि दसरा-दिवाळीची खरेदी करणाऱ्यांना तो दिलासा वाटला. कर किती उतरला याचा हिशेब सोपा असतो. ज्या किमतीवर तो आकारला जातो ती किंमत मुळात कशी ठरते, हा हिशेब त्या मानाने अवघड. आणि अवघड म्हणूनच तो सोयीस्करपणे बाजूला राहतो.

जुन्या घाटणीच्या मोटारसायकली हा विषय राजकीय साप्ताहिकाच्या पानावर कशाला, असे एखादा कार्यकर्ता म्हणेल. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव असे प्रश्न आ वासून उभे असताना शौकिनांच्या वाहनांची चिकित्सा करण्यात काय हशील? परंतु हा आता मूठभर शौकिनांचा मामला उरलेला नाही. २०१०च्या सुमारास वर्षाकाठी पन्नास हजारांच्या आसपास मोटारसायकली विकणाऱ्या रॉयल एनफील्डने २०२४-२५ या एका आर्थिक वर्षात दहा लाखांहून अधिक विकल्या. एवढी वाहने घेणारे सगळेच धनिक असू शकत नाहीत. औद्योगिक वसाहतीतला कंत्राटी तंत्रज्ञ, तालुक्याच्या गावचा दुकानदार, बागाईतदाराचा मुलगा, नुकताच नोकरीला लागलेला शिक्षक हे या मालाचे खरे गिऱ्हाईक आहेत. आणि त्यांतले बरेचजण ती कर्जाने, हप्त्यांवर घेतात. शंभर सीसीची साधी, कामाची मोटारसायकल याच्या निम्म्याहूनही कमी किमतीत मिळते. म्हणजे या तरुणांनी आपल्या पुढच्या तीन-चार वर्षांच्या मिळकतीचा एक भाग 'रूपा'साठी गहाण टाकलेला असतो.

हे रूप कोठून आले? गोल दिवा, थेंबाच्या आकाराची टाकी, आऱ्यांची चाके, चकाकता सायलेन्सर ही सारी ठेवण १९५०च्या आसपासच्या इंग्रजी मोटारसायकलीची आहे. १९५५ साली मद्रासमध्ये एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली, ती प्रामुख्याने लष्कराच्या मागणीच्या भरवशावर. पुढे बुलेट ही फौजेची, पोलिसांची आणि गावच्या पाटलाची गाडी झाली. पश्चिम महाराष्ट्रात तिचा आवाज वेशीवरून ऐकू आला की कोण येत आहे हे घरात बसून सांगता येई. सत्तेचा आणि जमिनीचा आवाज होता तो. आजच्या गाडीच्या आतले इंजिन त्या काळचे नाही. इंधन-प्रक्षेपणापासून प्रज्वलनापर्यंत सगळे इलेक्ट्रॉनिक्सच्या ताब्यात आहे. जुने आहे ते फक्त कवच. विकले जाते ते हे कवच, आणि त्याबरोबर त्या आवाजाभोवतीची प्रतिष्ठा.

म्हैसूरची आयडियल जावा १९६०च्या दशकारंभी सुरू झाली आणि १९९६ साली बंद पडली. २०१८ साली महिंद्रा समूहातील क्लासिक लेजंड्स या कंपनीने जावा हे नाव पुन्हा बाजारात आणले, आणि जानेवारी २०२२ मध्ये येझदीही आली. या गाड्या मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे बनतात. नाव परत आले. म्हैसूरचा कारखाना परत आला नाही. इंग्लंडमधील रेडिच या गावी मूळ एनफील्डचा कारखाना होता, तो १९६७ साली बंद झाला. आज 'रेडिच' हे मद्रासकडे बनणाऱ्या एका मोटारसायकलीच्या रंगमालिकेचे नाव आहे. कामगारांचे गाव बंद पडले की त्याच्या नावाचा रंग होतो, हा भांडवलशाहीचा विनोद वाचकांनी आपापल्या परीने समजून घ्यावा.

मुख्य मुद्दा या रंगमालिकांचाच आहे. १ सप्टेंबर २०२१ रोजी रॉयल एनफील्डने नवी क्लासिक ३५० बाजारात आणली. इंजिन एकच, ३४९ सीसीचे, शक्ती एकच, सुमारे वीस अश्वशक्ती, सांगाडा एकच. तरीही यादीत पाच मालिका: रेडिच, हॅल्सियन, सिग्नल्स, डार्क आणि क्रोम. चेन्नईतील शोरूमच्या दारापर्यंतची किंमत रेडिचला १ लाख ८४ हजार, तर क्रोमला २ लाख १५ हजार. फरक सुमारे एकतीस हजारांचा, म्हणजे खालच्या किमतीच्या जवळजवळ एक षष्ठांश. दोन गाड्यांच्या उत्पादनखर्चात एवढा फरक असेल असे रंगकाम जाणणारा कोणीही म्हणणार नाही.

मग फरक कशाचा? याचे उत्तर १८४९ साली झ्यूल द्युपुई या फ्रेंच अभियंत्याने रेल्वेच्या संदर्भात देऊन ठेवले आहे. त्या काळी फ्रान्समधील काही रेल्वे कंपन्यांचे तिसऱ्या वर्गाचे डबे बिनछपराचे असत. छपराला खर्च असा कितीसा येणार? तो वाचवणे हा कंपन्यांचा हेतूच नव्हता, असे द्युपुईने दाखवून दिले. ज्याला दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडते त्याने तिसऱ्या वर्गात बसू नये, म्हणून तिसऱ्या वर्गाला पावसात भिजत ठेवायचे. गरिबाला दुखवण्याची इच्छा कोणाची नव्हती. धास्ती घालायची होती ती त्याच्या वरच्याला. पण भिजायचा तो गरीबच.

विक्रीशास्त्राच्या आजच्या पुस्तकांत याच युक्तीला सभ्य नावे आहेत. एकच वस्तू थोड्याथोड्या फरकाने पाच किमतींना मांडायची आणि ज्याची जेवढी द्यायची तयारी असेल तेवढे त्याच्याकडून घ्यायचे. नुसता रंगाचा, झळाळीचा प्रश्न असता तर त्यावर रागावण्याचे कारण नव्हते. कोणाला टाकी चमकणारी हवी असेल आणि तो त्यासाठी पैसे मोजत असेल तर समाजवादाचे त्यात काही बिघडत नाही. किंबहुना हौशी माणसाकडून झळाळीची किंमत जास्त घेऊन साधी गाडी स्वस्त ठेवली जात असेल, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. प्रश्न असा की शिडीच्या खालच्या पायरीवरून काढून काय घेतले आहे?

२०२१च्या त्या यादीत रेडिच मालिकेच्या मागच्या चाकाला ड्रम ब्रेक होता आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला असता चाक जाम होऊन गाडी घसरू नये यासाठी असलेली यंत्रणा, फक्त पुढच्या चाकाला होती. वरच्या मालिकांत मागच्या चाकालाही डिस्क ब्रेक आणि दोन्ही चाकांना एबीएस. हॅल्सियन ही एकच मालिका दोन्ही तऱ्हांनी मिळत होती, म्हणून तिच्यावरून या सुरक्षिततेची बाजारातली किंमत वेगळी काढता येते. ती सुमारे सहा हजार रुपये होती. दोन्ही चाकांना एबीएस असलेल्या हॅल्सियनपासून क्रोमपर्यंतचे अंतर मात्र सुमारे बावीस हजारांचे. ब्रेकचे सहा हजार आणि झळाळीचे बावीस, हा त्या यादीचा खरा ताळेबंद आहे.

हे एका यादीपुरते नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच कंपनीने हंटर ३५० आणली तेव्हा १ लाख ५० हजारांच्या सर्वांत स्वस्त प्रकाराचे नावच 'रेट्रो' असे ठेवले होते. आऱ्यांची चाके, मागे ड्रम ब्रेक, एबीएस फक्त पुढे. त्याहून चौदा हजार जास्त दिले की 'मेट्रो' प्रकार, त्यात दोन्ही चाकांना एबीएस. उणिवेलाच शैलीचे नाव देण्याची ही चतुराई दाद देण्याजोगी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या बुलेटच्या 'मिलिटरी' या स्वस्त प्रकारातही तेच. जावानेही वेगळे काही केले नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये आलेल्या गाड्यांना एकाच चाकाचे एबीएस होते. डिसेंबरमध्ये, म्हणजे काही आठवड्यांतच, दोन्ही चाकांच्या एबीएसचा प्रकार सुमारे नऊ हजार रुपये अधिक घेऊन जाहीर झाला. तोवर पहिल्या गिऱ्हाइकांनी आपापल्या नोंदण्या करून टाकल्या होत्या.

याला पर्याय नव्हता असे म्हणता येत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये होंडा कंपनीने याच बाजारासाठी हायनेस सीबी ३५० आणली. तिचेही दोन प्रकार होते आणि त्यांच्या किमतींत पाच हजारांचा फरक होता; परंतु दोन्ही चाकांचे एबीएस दोन्ही प्रकारांत होते. फरक रंगाचा आणि भ्रमणध्वनी जोडण्याच्या सोयीचा. स्वस्त प्रकाराची किंमत १ लाख ८५ हजार, म्हणजे पुढल्या वर्षीच्या रेडिचच्या बरोबरीची. होंडा ही काही धर्मादाय संस्था नाही. तिने शिडी तीच उभी केली, फक्त ब्रेक तिच्या पायऱ्यांवर मांडला नाही.

कायदा काय करत होता? २०१८-१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. सक्तीत मात्र एका चाकाचे एबीएस पुरेसे मानले गेले. सक्तीची किमान मर्यादा ही व्यवहारात खालच्या प्रकाराची कमाल मर्यादा होते, हा अर्थशास्त्रातला जुना अनुभव आहे. तो येथेही आला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली, आणि त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. हे सगळे मृत्यू ब्रेकमुळे झाले असे कोणी म्हणणार नाही. रस्ते, हेल्मेट, दारू, वेग अशी अनेक कारणे आहेत. पण ज्या देशात दुचाकीवर दरवर्षी इतकी माणसे मरतात, तेथे अर्ध्या सुरक्षिततेचा एक स्वस्त प्रकार विकायला ठेवणे हा केवळ व्यापारी निर्णय राहत नाही.

येथे परवाना-राज्याचे टीकाकार पुढे येतील आणि म्हणतील की हे काहीही असले तरी पूर्वीपेक्षा बरे आहे. त्यांचे म्हणणे सहज झटकून टाकण्यासारखे नाही. १९७०च्या दशकात स्कूटर हवी असणाऱ्या महाराष्ट्रातील माणसाला बजाजच्या चेतकसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. दहा-दहा वर्षांच्या प्रतीक्षेच्या कथा घरोघरी आहेत. परकीय चलन भरणाऱ्याचा नंबर आधी लागे. मुलीच्या लग्नात स्कूटर द्यायची म्हणून ती लहान असतानाच नोंदणी करून ठेवणारे बाप होते. किंमत सरकारी नियंत्रणाखाली होती, उत्पादनक्षमता परवान्याने बांधलेली होती. नंबर लागून स्कूटर मिळाली की तिच्यावर 'ऑन' मिळे आणि तो काळ्या बाजारात जाई. नियंत्रणाचे समर्थन करणाऱ्यांनी हे विसरू नये. किंमत बांधली पण उत्पादन वाढवले नाही, तर वाचलेला पैसा गरजूच्या खिशात जात नाही. तो रांगेत पुढे घुसणाऱ्याच्या खिशात जातो.

मात्र टीकाकारांनीही एक गोष्ट पाहावी. तेव्हाचा 'ऑन' नाहीसा झाला नाही, त्याचा मालक बदलला. दलालाच्या हाती जाणारी ती रक्कम आता कंपनीच्या किंमतयादीत रंगाच्या आणि मालिकेच्या नावाने छापलेली असते. रांगही पुरती संपलेली नाही. जावाची नोंदणी २०१८ साली पाच हजार रुपये भरून सुरू झाली आणि सव्वा महिन्यात बंद करावी लागली. सप्टेंबर २०१९ पर्यंतचा माल विकला गेल्याचे कंपनीनेच सांगितले होते. चेतकचे जुने रूप आणि जुने नाव घेऊन बजाजने जानेवारी २०२० मध्ये विजेवर चालणारी स्कूटर आणली. एप्रिल २०२१ मध्ये तिची नोंदणी पुन्हा उघडली तेव्हा ती ४८ तासांत बंद झाली. जुन्या रूपाबरोबर जुनी रांगही परत आली, असे म्हणायला हरकत नाही. नोंदणीची रक्कम हे कंपनीला मिळालेले बिनव्याजी भांडवल असते. वाहनव्यवसायात सर्वसाधारण शर्त अशी असते की किंमत नोंदणीच्या दिवसाची धरली जाणार नाही, गाडी ताब्यात देण्याच्या दिवशी जी असेल ती लागू होईल. म्हणजे थांबण्याचा त्रास गिऱ्हाइकाने सोसायचा, आणि थांबण्याच्या काळात किंमत वाढली तर तीही त्यानेच भरायची.

या रांगेमागे आणखी एक रांग असते, ती शोरूममधून दिसत नाही. सप्टेंबर २०१८च्या अखेरीस तमिळनाडूत ओरगडम येथील रॉयल एनफील्डच्या कारखान्यातील कामगार संपावर गेले. सुमारे दहा हजार मोटारसायकलींचे उत्पादन बुडाल्याचे कंपनीने तेव्हा जाहीर केले. गिऱ्हाइकाच्या लेखी त्याचा अर्थ 'गाडी उशिरा येणार' एवढाच. दिवाळीच्या आधी गाडी हवी म्हणून तळमळणाऱ्या तरुणाला तो उशीर कोणामुळे झाला हे विक्रेता सांगतो; का झाला, हे सांगण्याचे काम मात्र कोणाचेच नसते. तो तरुण स्वतः चाकणच्या किंवा वाळूजच्या कारखान्यात कंत्राटी असला तरीही. मालाच्या उपलब्धतेची चर्चा मालाच्या निर्मात्यांना वगळून करण्याची सवय आपल्या कामगार चळवळीलाही लागली आहे, हे नोंदवणे भाग आहे.

आता मागणी काय करायची? किंमत पुन्हा सरकारने ठरवावी असे सुचवणे वेडेपणाचे होईल. रंगांची संख्या कमी करा, असे म्हणणे त्याहून हास्यास्पद. सोव्हिएत पद्धतीने सर्वांना एकच राखाडी मोटारसायकल हे समाजवादाचे चित्र त्याच्या शत्रूंनी रंगवलेले आहे. त्याला आपण हातभार लावू नये. कंपन्यांनी वाटेल तेवढ्या मालिका काढाव्यात. गोव्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये 'गोवन क्लासिक' नावाची एक निघाली, २ लाख ३५ हजारांची. उद्या कोकणाच्या नावाने एखादी निघाली तरी कोणाची तक्रार असणार नाही. परंतु ज्या भागांवर माणसाचा जीव अवलंबून आहे ते भाग या शिडीच्या बाहेर काढले पाहिजेत. एका इंजिनाच्या सर्व प्रकारांना सारखाच ब्रेक, सारखेच एबीएस. फरक काय करायचा तो टाकीवर आणि आसनावर करा. होंडाने केला तसा. यासाठी नवा कायदाही लागणार नाही. मोटार वाहन अधिनियमाखालील नियमांत दुरुस्ती पुरेशी आहे.

दुसरी मागणी जाहिरातीतल्या किमतीची. शोरूमच्या दारापर्यंतची किंमत हा निव्वळ कागदावरचा आकडा आहे. त्या किमतीत गाडी रस्त्यावर आणता येत नाही. तीवर राज्याचा कर, नोंदणी आणि विमा चढतो; सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला त्रयस्थ पक्षाचा पाच वर्षांचा विमा एकदम घ्यावा लागतो. पावणेदोन लाख वाचून घरातून निघालेला माणूस दोन लाखांच्या पुढच्या कागदावर सही करून येतो, आणि तोवर त्याचा कर्जाचा अर्ज मंजूर झालेला असतो. त्या त्या जिल्ह्यात रस्त्यावर पडणारी पूर्ण किंमत ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती करणे ग्राहक संरक्षण यंत्रणेच्या आवाक्यातले आहे.

तिसरी गोष्ट खुद्द महाराष्ट्र सरकारची आहे आणि तिच्यासाठी दिल्लीकडे पाहण्याचे कारण नाही. राज्यात दुचाकीवरचा एकरकमी वाहनकर किमतीच्या प्रमाणात घेतला जातो. ९९ सीसीपर्यंत १० टक्के, २९९ पर्यंत ११ आणि त्यावर १२. म्हणजे ज्याने जास्तीचे सहा हजार देऊन मागच्या चाकाचा चांगला ब्रेक घेतला, त्याच्याकडून राज्य सरकार त्या ब्रेकवर सातशे रुपयांच्या आसपास कर वसूल करते. आणि ज्याने तो घेतला नाही त्याला तेवढी सूट मिळते. सुरक्षिततेच्या साधनांची किंमत कराच्या हिशेबातून वगळली तर तिजोरीला फारशी झळ लागणार नाही. हा प्रश्न विधिमंडळाच्या पुढील अधिवेशनात एखाद्या आमदाराने तारांकित प्रश्न म्हणून विचारावा. परिवहन मंत्र्यांना उत्तर तयार करण्यासाठी परिवहन खात्याकडील वाहननोंदणीच्या तपशिलापलीकडे काही लागणार नाही. कोणत्या जिल्ह्यात कोणता प्रकार किती विकला गेला, हेही त्या निमित्ताने सभागृहाच्या कामकाजात छापले जाईल.